चिमूटभर नीळ

पेपरमिंटच्या डबीत मावतं तेवढंच सामान:
नखाएवढ्या चार रंगवड्या,
बोटभर उरलेली पेन्सिल,
पोटात पाणी साठवणारा ब्रश,
पुसायला जुन्या मोज्याचा तुकडा.
खोडरबर मी मुद्दाम घरी ठेवते.
चुकलेली रेघ चुकलेलीच दिसू द्यावी
आणि तिच्या शेजारून दुसरी काढावी.

खरं तर वड्या पाच होत्या.
निळी त्बिलिसीत जिन्यावर निसटली,
टप टप करत तीन मजले माझ्याआधी उतरली
आणि गटाराच्या जाळीत गेली.
गेली तर गेली, म्हटलं. आभाळ काय, कोरं सोडता येतं.

सुरामीच्या चढावर मारश्रुत्का थांबली
(मारश्रुत्का म्हणजे आपली वडापच).
मुर्माननं बॉनेट उघडून आत डोकं घातलं
आणि गाडीला असं काही बोलला
की मागच्या सीटवरच्या म्हातारीनं छातीवर क्रूस काढला.

रस्त्याच्या कडेला नझुकीच्या भट्ट्या.
मातीचा उभा रांजण, तळाशी निखारे,
आतल्या भिंतीला दालचिनी-मनुकांची कणीक थापायची,
त्यासाठी बाई कमरेपर्यंत आत वाकते.
मी आधी तिची पाठ घेतली.
पाठ एका रेघेत येते, नाहीतर येतच नाही.
ती वर येईपर्यंतच माझा वेळ.
पुन्हा वाकली की पुन्हा थोडा.
ब्रशातलं पाणी संपलं,
मुर्माननं रेडिएटरच्या बाटलीतले चार थेंब दिले,
गंजाचे; भट्टीला अगदी लागू पडले.

मग ती हात झटकत आली.
"झुझुना," म्हणाली, छातीवर बोट ठेवून.
पिठाच्या हातांनीच वही घेतली,
बघितली, लांब धरून पुन्हा बघितली,
आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक ओढून
चित्रातल्या पांढऱ्या रुमालावर टिचकी मारली.
रुमाल निळा होता. भलताच निळा.
मी डबीतला रिकामा कोपरा दाखवला.
ती आत निघून गेली.
मला वाटलं, रागावली.

परत आली ती वर्तमानपत्राची पुडी घेऊन.
"लिला," ती म्हणाली.
"नीळ," मी म्हणाले.
"लिला." "नीळ." "लिला."
दोन पोरांना पाठीला पाठ लावून
उंची मोजावी, तसे आम्ही ते शब्द उभे केले.
मग तिनं हवेतच एक चादर बुडवली,
दुसरं टोक मी धरलं,
आणि भर रस्त्यात, ट्रकवाले बघत असताना,
दोघींनी नसलेली चादर पिळली.

तिनं करंगळी ओली केली, पुडीत बुडवली,
आणि रुमालावर नाही,
भट्टीच्या वर, जिथे मी काहीच काढलं नव्हतं,
तिथे एक ठिपका दिला.
मग बरंच काही बोलली.
एकदा हसली, एकदा डोंगराकडे बघितलं.
मुर्माननं सांगितलं असतं मला,
पण इंजिन सुरू झालं होतं
आणि तो हॉर्नवर हात ठेवून बसला होता.
नझुकीचे पैसे मात्र तिनं पुरते घेतले.

कुताईसीत खाटेवर बसून
ब्रश दोनदा ओला केला, दोनदा पुसला.
आता नीळ होती. रुमाल रंगवता आला असता.
नझुकीचा उरलेला तुकडा खाल्ला
आणि वही मिटली.

विमानतळावर अधिकाऱ्यानं पुडी उघडली,
कपाळाला आठ्या घालून हुंगली.
"लिला?" त्यानं विचारलं.
आवाज एकदम घरातला झाला त्याचा.
पुडी त्यानं नीट, अगदी बायकी नेटकेपणानं मुडपून दिली
आणि मग पासपोर्ट चाळला.
शिक्क्याच्या शेजारी
त्याचा अंगठा उमटलाय.