ब्राउझर बदलण्याबाबत, सोहार

तीन वर्षं सांगतोय रिफअत साहेबांना,
हा ब्राउझर बदला.
कस्टमचं पान उघडेपर्यंत
बाहेर ट्रेलरवाला दोन सुलेमानी पितो,
इंजिन बंद करतो, पुन्हा चालू करतो.

ते म्हणतात, चालतंय ना? मग हात लावू नका.
कैरोतल्या वडिलांच्या गाडीचंही असंच सांगतात:
दार सुतळीनं बांधलेलं,
पण चालायची.

मी आकडे दिले. मिनिटं, दंड, डेमरेज.
जोबीनं सुरक्षेवर भाषण केलं,
सगळ्यांनी माना डोलावल्या
आणि जेवायला गेले.

खरं कारण अर्जात नव्हतंच.
दापोलीहून मुलगी लिहिते
ते इथे नुसते चौकोन दिसतात,
ओळीच्या ओळी,
यार्डातल्या रिकाम्या कंटेनरांसारखे.

काल रात्रपाळीत
माझ्या कोपऱ्यातल्या मशीनवर
न विचारता नवा टाकला.
साहेब पाणी घ्यायला आले, थबकले.
पडद्यावर बोट ठेवून म्हणाले,
हे डोक्यावर आकड्यासारखं काय?

रफार, म्हटलं.
‘इथे सर्व ठीक’ मधला.

आमच्याकडेही असतं असं काहीबाही वर, म्हणाले.
ग्लास हातातच.
मग जाता जाता,
माझ्याही मशीनवर टाक उद्या.
पण जुना काढू नकोस.