कॅन नंबर एकशेचौदा

मंगळवारी एल आल्तोच्या वरच्या वस्तीत
माझा टेम्पो धापा टाकत चढतो.
चार हजार मीटरवर इंजिनाचाही ऊर भरून येतो.
इथं गटार पोचलेलं नाही,
म्हणून दारोदारी पिवळे कॅन,
रात्रीच्या थंडीनं काठाशी गोठलेले.
मी आधी झाकणं तपासते.
एकदा वळणावर एक सुटलं होतं,
ते जॅकेट अजून धुतेय.

पोरं नाक दाबून ओरडतात,
"आली बघ, मुताची राणी!"
मी हॉर्न वाजवते.
राणी तर राणी.

नेमेसियाबाई दार उघडायच्या आधीच भाव करते,
"वीस लिटर दिलं, बटाटे किती देशील?"
तिचा नवरा गुमेर्सिंदो, कथलाच्या खाणीतला जुना माणूस,
पायरीवर कोकाची पानं गालात धरून बसलेला,
म्हणायचा,
"तीस वर्षं डोंगर पोखरून घेत राहिलो.
परत द्यायला आता हेच उरलंय माझ्याकडे."
आणि हसता हसता खोकायचा,
खोकता खोकता हसायचा,
कुठलं कुठं संपतं ते कळायचं नाही.

त्या वर्षी टाक्या कमी पडल्या.
कॅनच रांगेत लावले शेडमध्ये,
खडूनं नंबर, खडूनं तारीख.
सहा महिने हात लावायचा नाही.
मुरू द्यायचं.
घाई केली तर मुळं जळतात,
उघडं ठेवलं तर सगळा जोर वाऱ्यावर जातो,
डोळ्यांना झोंबतो तो त्याचाच निरोप.

जूनच्या कडाक्यात गुमेर्सिंदो गेला.
दवाखान्यातल्या दिवसांचं आम्ही घेतलं नाही,
औषधांचं घेत नाही, नियम आहे.
त्याच्या आधीचा एकच कॅन उरला.
एकशेचौदा.

डिसेंबरात बटाट्याला दुसरी भर द्यायची होती.
नेमेसियाबाई टेम्पोत माझ्या शेजारी बसून दरीत उतरली,
मांडीवर हॅट, हॅटमध्ये दारूची छोटी बाटली.
शेताच्या बांधावर तिनं पहिला घोट जमिनीला दिला,
पाचामामाला, भूमीआईला, न बोलता.
दुसरा स्वतः घेतला.
तिसरा मला.
मग म्हणाली, "त्याचा कुठला?"

मी दाखवला.
एकाला पाच पाणी, मी सांगितलं,
खोडापासून वीतभर लांब,
ओतलं की लगेच माती ओढायची.
शालीचं टोक नाकाशी जाईल असं वाटलं मला.
नाही गेलं.
वाकली, आणि मगानं ओतत राहिली
एकेका झाडाशी,
जसं आजारी माणसाला पाणी पाजतात,
थोडं, थांबून, परत थोडं.

मधेच, माझ्याकडे न बघता,
"शेवटी शेवटी रात्रीत सहादा उठायचा.
दार वाजायचं, गार वारा आत यायचा.
मी खेकसायचे,
झोपू देशील का मला."

ओळ संपली. कॅन उलटा करून
तिनं बुडावर दोन थापा मारल्या.

एप्रिलमध्ये त्या ओळीतले बटाटे
इतर ओळींसारखेच निघाले.
एक जरा वेडावाकडा, दोन डोक्यांचा.
तो तिनं शालीत गुंडाळून घेतला,
बाकीचे पोत्यात टाकले
आणि वजनावरून माझ्याशी वाद घातला.

काल मंगळवार होता.
दाराशी तिचा कॅन.
उचलला तर हातात जास्तच वर आला,
अर्ध्या वजनाचा.
ती पायरीवर होती, पायरीच्या एका कडेला,
दुसरी कडा रिकामी ठेवून.
"वीस लिटर," ती म्हणाली.
मी कॅन हलवला नाही,
वहीत लिहिलं,
वीस.