हवेत आवळू नये

सल्माबादला दुपारी दोन वाजता
पान्यालासुद्धा फडक्याशिवाय हात लावता येत नाही.
अबू जासिमची पजेरो लिफ्टवर लटकलीय,
चाकं काढलेली,
आर्म सोडवून मी व्हाइसमध्ये धरलाय.

बुशाचं रबर कडेनं फाटलेलं,
भेगांत वाळू. इतकी बारीक
की फुंकली तर आपल्याच डोळ्यांत.

जाळून काढ, म्हणतो कुंजुमोन, दहा मिनिटांत मोकळा होशील.
खरंय. टॉर्च लावला की रबर उकळतं, थुंकतं,
आणि दोन आंघोळींनंतरही
रात्रीच्या डाळीला तोच वास.
मी नाही जाळत.

मी ड्रिल घालतो, मधल्या नळीच्या कडेकडेनं,
एकाला लागून एक भोक.
काळी शेव पडत राहते बुटांवर.
मग नळीला हिसका:
सत्तावीस वर्षं आत बसलेली ती
अंगठ्याएवढी, गंजकी, गरम,
तळहातावर येते.

उरते बाहेरची बांगडी.
आर्मशी गंजून अशी एक झालेली
की हिचं लोखंड कुठं संपलं
नखाला कळत नाही.
हॅक्सॉचं पातं सोडवायचं,
भोकातून ओवायचं, पलीकडून पुन्हा फ्रेमला जोडायचं,
आणि आतून बाहेर कापत जायचं.
बांगडी कापायची, आर्म नाही.
आवाज जरा जाड झाला
की थांबायचं. तिथंच.
मग छिन्नी, एक घाव, दुसरा,
तिसऱ्याला बांगडी आत मुडपते
आणि लाजल्यासारखी खाली पडते.

विट्याच्या डेपोत तांबोळी मिस्त्री सांगायचा,
बेअरिंग फिरतं रं, बुश फिरत न्हाई.
दोन्ही अंगानं चिकटलेलं असतंय त्ये.
गाडी खड्ड्यात गेली की पिळतंय,
वर आली की माघारी.
तेवढंच काम त्याला.
तो बुशाबद्दलच बोलत होता.
दुसऱ्या कशाबद्दल बोलायची
त्याला सवय नव्हती.

नवे चार बुश साबणाच्या पाण्यात बुडवून
प्रेसवर बसवले, खुणेला खूण लावून.
आर्म जागेवर गेला, बोल्ट हातानं ओवले,
तेवढ्यात खगेंद्रनं लांब पाना लावला.
बावीस दिवस झालेत त्याला येऊन,
जोर दाखवायची घाई आहे.

थांब. हवेत नाही आवळायचं.
चाकं लाव, खाली उतरव,
गाडीला आपलं वजन घेऊन उभी राहू दे, मग आवळ.
का?
लटकलेलं असताना आवळलंस
तर रबर लटकण्यालाच सरळ समजतं.
जमिनीवर आलं की कायमचं पिळलेलं.
वर्षात फाटतं.

ठीक आहे उस्ताद, म्हणाला.
पाना फडक्यानं पुसून खाली ठेवला,
नंतर बराच वेळ
पुसलेलाच पाना पुसत बसला.

असरची नमाज आटोपून अबू जासिम आला.
जुने बुश दाखव, म्हणाला, म्हणजे खरंच बदलले ना ते.
मी ट्रेमध्ये मांडले.
त्यानं एक उचलला, बोटानं दाबला,
जासिम शाळेत होता तेव्हाचे हे, म्हणाला,
आणि ठेवून दिला. न मोजता पैसे दिले,
गतिरोधकावरून मुद्दाम दोनदा गेला.
काही वाजलं नाही.

रात्री खोलीत आमच्या पलंगाच्या
डुगडुगत्या पायाखाली
त्यातला एक सरकवला, चपखल बसला.
वरच्या बर्थवर कुंजुमोन. सहा वर्षं
तो कूस वळला की पलंग करकरायचा,
आणि मला कळायचं
यालाही झोप नाही.

आज एसी तेवढा गुरगुरतोय.
साडेअकरा. पावणेबारा.
शेवटी मीच हळू विचारलं, जागा आहेस?

वरून लगेच आवाज आला:
पलंगाला काय केलंस तू?