बत्तिसावं नाव

कुडचड्यात, टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये
आम्ही तिघं यादी करत बसलो.
टूर नवी, टेबलं दोन, जागा बत्तीस.
मडगावचे सात येणारच, त्यांच्या क्यू स्वतःच्या,
बॅगेत, मखमलीत निजवलेल्या.
केप्याचा तो पोरगा चालेल का? वय चौदा.
चालेल, रोझेंदो म्हणाला, बाप फी आगाऊ देतो.

मग फोंडू.
वीस वर्षं बॉल रचून देतोय, तासावर पगार.
"खेळातून पैसे घेतो, म्हणजे व्यावसायिक,"
प्रभुगांवकर मास्तरांनी कलम वाचलं.
कलम काल रात्री मीच लिहिलं होतं.

फोंडू तिथेच,
कापडावर बसलेली खाणीची तांबडी धूळ
ब्रशनं काढत.
आमच्याकडे न बघता म्हणाला, "च्या सांगूं?"
आणि वाटेत आलेल्या काळ्या आठला
दांड्याच्या टोकानं जरासं ढोसलं.
दोन कुशनी, मग कोपरा.
आत पडल्याचा आवाज
आम्ही तिघांनीही ऐकला नाही.

एकतीस नावं पेनानं आहेत.
बत्तिसावं पेन्सिलीनं, माझं.
चहा आला, फार गोड होता.
खोडरबर कुणाकडे आहे का,
मी अजून विचारलेलं नाही.