मे महिन्याची बाई

सुरतचा लेस-बटणांचा व्यापारी
दर दिवाळीला बाबांना कॅलेंडर पाठवतो.
एका वर्षी त्यात देव नव्हते.
बारा महिन्यांना बारा फ्रेंच बाया,
कुठल्याशा जुन्या मासिकातून उचललेल्या.

वर्ष संपलं, बाकीचे महिने रद्दीत गेले,
मे राहिला.
चोपड्यात, मेन रोडला, निकुंभ लेडीज टेलर्समध्ये
कात्रीच्या खिळ्याला ती अजून लटकते आहे.
पट्ट्यापट्ट्यांचा घेर, डोईवर परातीएवढी टोपी,
कोपराशी झालरीचे तीन थर,
तळाला बारीक अक्षरात साल: १७८७.

बाबांनी पहिल्या दिवशी चष्मा कपाळावर नेऊन पाहिलं.
"पाठ कोठे शे इन्ही?
पुढून ते बठ्ठाच चांगला दिसतस.
शिंपीनी परीक्षा पाठवर."

मी कॉलेजात इतिहास शिकवते.
फ्रेंच राज्यक्रांतीला आमच्याकडे साडेचार पानं:
पाव, कर, तुरुंगाची भिंत, राजाची मान.
या बाईला त्यात जागा नाही.
म्हणून बाबा काज करत होते तेव्हा
त्यांनाच सांगत बसले,
की आधी पॅरिसहून बाहुल्या जायच्या,
नव्या तऱ्हेचे झगे घालून, पेटीत बसून,
परमुलखातल्या राण्यांकडे.
"कानबाईनामायक?"
जवळजवळ. आपण नारळाला पातळ नेसवतो, नथ घालतो,
आणि सोमवारी नदीवर पोचवून येतो.
त्यांची बाहुली पोचली की तिचे टाके उसवून
आतलं शिवण बघायचे.

मग कुणाला तरी सुचलं, बाहुलीपेक्षा कागद हलका.
तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र,
दर पंधरवड्याला आठ पानं, तीन बाया,
वर्गणी आगाऊ.
रंग मात्र हातानं.
मला ती खोली दिसते: एकीकडे निळा, दुसरीकडे गुलाबी,
आणि दिवसभर तोच घेर, तीच टोपी,
तोच घेर, तीच टोपी.
बाबांनी दोरा दातानं तोडला.
"पीसवर भेटे का रोजवर?"

हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.

मी पुढे रेटलं. म्हटलं, बाबा,
त्याआधी कपडा फाटून जुना व्हायचा,
या कागदानंतर तारखेनं जुना व्हायला लागला.
धडधाकट झगा, एक टाका न निसटलेला,
नवा अंक आला की शिळा.
ते मशीनला तेल देत होते.
"फाटेल ते शिवसू. तारीख कशी शिवसू?"

दोन वर्षांत तिकडे भडका उडाला.
मासिक लगेच नाही थांबलं.
नाव बदललं,
कुंचले तेच, पट्टे आता तांबडे, पांढरे, निळे.
मग वर्गणीदारच सरले.
काही देश सोडून गेले,
काहींना गळ्याच्या मापाची गरज उरली नाही.
यावर बाबा हसले नाहीत.
गिऱ्हाईक मेलं की मापाच्या वहीतलं पान
ते कधी फाडत नाहीत,
कोपरा दुमडून ठेवतात.

आखाजीला पुष्पलता साळुंखे माहेरी आली शिरपूरहून,
आणि बोटानं मे दाखवला. अशी बाही पाहिजे.
बाबांनी तीन थर नेटचे लावले, रात्र जागून.
निंबाच्या झोक्यावर ती चढली तेव्हा
गल्लीतल्या सगळ्या पोरी तिच्या कोपरांकडे बघत होत्या.
पारा चव्वेचाळीस.
तिसऱ्या दिवशी ब्लाउज काउंटरवर परत:
काका, घामोळं उठलं. झालर काढा ना.
ब्लेडनं एकेक टाका काढला त्यांनी.
झालर तिच्या लेकीच्या टोपऱ्याला लागली,
पैसे घेतले नाहीत.

परवा झाडताना कॅलेंडरचं पान उलटं झालं.
मागच्या कोऱ्या बाजूवर, शिसपेन्सिलीनं,
पाठ काढलेली होती.
खांद्यापासून कमरेपर्यंत दोन कळ्या,
शिवण जिथे लपत असेल तिथे बाण,
कंबर साडेबावीस, आणि कंसात, अंदाजे.
हे कधी केलंत, विचारलं मी.
ते हुकाच्या डबीत काहीतरी शोधत होते.
"उगाच. लाइट गयेल व्हती."