रकाना

विषय क्रमांक चार : टेंभरीटोला, तालुका कुही.
सिव्हिल लाइन्स, दुसरा मजला, मी टिपणं घेतोय
नेहमीसारखा, खिडकीकडे पाठ करून.
धरणाचं पाणी चढलं की होळीपर्यंत
या टोल्याचं बेट होतं, त्रेसष्ट घरांचं.
कागदावर तिथं कुणी राहतच नाही.
पुनर्वसन पूर्ण. फाईल बंद.

पाणी पाटबंधाऱ्याचं, यावर लगेच एकमत झालं.
बोट मत्स्यव्यवसायाची. डिझेल आरोग्याचं,
पण टाकीत ओतल्यावर ते कुणाचं
यात पाऊण तास गेला.
काठावरचा चिखल महसूलचा की वनखात्याचा?
नकाशा आणायला गेलेला शिपाई
चहा घेऊन आला.

शेवटच्या खुर्चीवर नर्सबाई, सुकेशिनी गजभिये,
मांडीवर लशींचा निळा डबा, रिकामाच,
सवयीनं आणलेला.
शेजारी केवळराम नान्हे, ढिवर,
ज्याच्या डोंग्यातून गेल्या पुसात
यनूबाई दवाखान्याकडे निघाली
आणि मधल्या पाण्यातच बाळंत झाली.
मूल जगलं.
हे इतिवृत्तात नाही.

साहेब म्हणाले, भूमिका स्पष्ट झाल्या पाहिजेत.
मी तक्ता आखला. खाती उभी, कामं आडवी.
फुल्या भरत गेल्या, काही रकान्यांत दोन-दोन.
केवळराम उठला.
'लिवलं, बरं झालं सायेब.
पन रात्री दोन वाजता
पह्यला फोन कोनाले लावाचा, थे सांगा.'

पंखा ऐकू आला.
कुणी पेनाचं टोपण काढलं, कुणी लावलं.
मग ठरलं : पुढील बैठकीत.

जिन्यात त्यानं मला गाठलं.
'तुमचाच नंबर द्या.'
मी म्हटलं, बाबा, मी फक्त लिहितो.
'मंग लिवा,' म्हणाला, आणि तळहात पुढे केला.
जाळ्याच्या दोरीनं वळ पडलेला हात,
बॉलपेन चालेना त्यावर.
तिसऱ्यांदा गिरवले तेव्हा दहा आकडे उमटले.

आता मानेवाड्यातल्या माझ्या उशाशी
फोनखाली एक चिठ्ठी असते :
सुकेशिनीबाई, मग बोटीची किल्ली सांभाळणारा लांजेवार,
मग वेलतूरचा गाडीवाला, तो दारू पितो, दोनदा लावावा.
घरात विचारतात, हे कोणत्या खात्याचं काम?
मी कूस बदलतो.

काल पावणेतीनला वाजला.
पलीकडून आधी नुसतं पाणी ऐकू आलं,
लाकडावर थडकणारं.
'हो,' मी म्हटलं, 'सांगा.'