परतीची मोजणी

सकाळचे आठ, आणि तार्तूत अजून रात्रच.
एमायेगी नदीवर बर्फाची साय धरली आहे.
तळघरात, माझ्या पडद्यावर
हेल्दुर वारिक यांचा कणा उभा आहे:
सरळ, सरळ, आणि मग कमरेखाली
पाण्यात अर्धी बुडवलेली काठी दिसावी
तसा वाकडा.

तो वाकडा नाही. चुंबकाची नजर वाकडी.
आतड्यात चिमूटभर हवा असते,
हवेशेजारी हाड, हाडात चरबी, चरबीत पाणी,
प्रत्येकाचं चुंबकाशी वेगळं जमतं;
आणि हे घाईचं चित्र, एका श्वासाहून कमी वेळात काढलेलं,
इथलं तिथे मांडतं,
तीन ठिकाणच्या उजेडाचा एका जागी ढीग घालतं.

उजेड म्हणजे काय, तेही सांगते.
शरीरातलं पाणी आपलं आपण भटकत असतं,
आम्ही फक्त बघतो, किती भटकलं.
जिथे मोकळं फिरतं तिथे काळोख.
जिथे पेशींची इतकी दाटी
की पाण्याला पाऊल टाकायला जागा नाही,
तिथे लख्ख.
या खोलीत उजेडाला कुणी शुभ म्हणत नाही.

वारिक यांच्या चित्रात असा एक ठिपका आहे,
मटाराच्या दाण्याएवढा,
हाडाच्या पुढे, आतड्याच्या भिंतीत.
साल्मे डॉक्टर काल म्हणाल्या, हवेचा खेळ असेल.
मलाही तेच हवं होतं.

म्हणून तर त्यांना आणखी तीन मिनिटं झोपवलं.
का, त्यांनी विचारलं.
म्हटलं, तेच चित्र उलट्या दिशेनं काढायचंय.
पहिल्यात जे पुढे सरकलं
ते दुसऱ्यात तेवढंच मागे सरकेल.
दोन्ही खोटी, पण खोट्याचं माप एकच.

म्हातारा हसला.
एकेचाळीस वर्षं दलदली मोजलेला माणूस,
हाडाचा मोजणीदार.
म्हणाला, आम्हीही पातळी घेत जायचो
या खुणेच्या दगडापासून दलदलीपलीकडच्या दगडापर्यंत,
आणि त्याच वाटेनं मोजत परत यायचो.
आकडे जुळायचे नाहीत.
ती जमीन श्वास घेते, पोरी, तिपाई बुडते,
जाताना एक बोट, येताना एक बोट.
फरक निम्मा निम्मा वाटायचा
आणि चूकभूल द्यावी घ्यावी म्हणून सही ठोकायची.
एकदाच जुळले होते, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत.
ती मोजणी मी फाडली.
मदतनिसानं घरी चुलीशी बसून भरली होती.

आता दोन्ही चित्रं समोरासमोर.
एकात ठिपका आतड्यात, दुसऱ्यात पाठीमागच्या स्नायूत.
संगणक दोघांना ओढतो, थोडं थोडं,
हाडावर हाड बसेपर्यंत.
ढीग पसरतो, विरलेलं गोळा होतं,
बेरीज तेवढीच राहते.
मी उजेड पुसत नाही,
ज्याचा त्याला परत करते.

छत्तिसाव्या फेरीला कणा सरळ झाला.
किती देखणा सरळ!
क्षणभर मी तेवढंच पाहिलं.

मग ठिपका पाहिला. गेला नव्हता.
दोन खोट्यांच्या मधोमध,
हाडाच्या आत,
घरी आल्यासारखा बसला होता.

अकरा मिलिमीटर.
अहवालात एवढंच लिहिते: विकृती दुरुस्त केली,
उरलेली चूक एक मिलिमीटरच्या आत.
साल्मे डॉक्टरांना फोन लावते. वाजत राहतो.
वर दारापाशी कुणीतरी बुटांचा बर्फ झटकतंय.
दहाची वेळ दिली होती त्यांना,
पण मोजणीला जाणारी माणसं
उजाडण्याआधीच पोचतात.

विचारतील, मिटली का चूक?

हो म्हणेन.
मिटली.